पडलेल्याचा चहा

नाना, पडलेल्या माणसानेच सगळ्यांना चहा का पाजायचा, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. तुम्ही होतात तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. आणि आता, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर, रविवारच्या भर दुपारी पिंप्राळ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून मी ते विचारतेय. तुमचे जावई त्यांच्या भावाकडे गेलेत, लेक मैत्रिणीकडे गेलीय, कुकर ओट्यावर गार होतोय आणि ताटाच्या जागी माझ्यासमोर कंपनीचा चार पानी फॉर्म आहे. तो उद्या सकाळी नऊच्या आत पाठवायचा. पहिले दोन रकाने भरून झाले, नाव आणि वय. तिसऱ्यापाशी सकाळपासून पेन अडलंय. ‘अपघात कुठे व कधी झाला.’ एवढं साधं विचारलंय बघा. उत्तर मला तोंडपाठ आहे आणि लिहवत नाही. डोकं नुसतं भणभणतंय. तुमच्यावर चिडलेय की स्वतःवर, तेही धड कळत नाही.

हो, तुम्हाला सांगायचंच राहिलं. मी गोडाऊनची इन्चार्ज झालेय. हसू नका. हमालाची पोरगी, पण किल्ल्या माझ्या कमरेला असतात आणि सकाळी शटर माझ्यासमोर उघडतं. नशिराबादच्या अलीकडे, हायवेला लागून, पत्र्याचं एवढं मोठं गोडाऊन की तुमच्या धुळ्याच्या सेठची चार गोदामं त्याच्या एका कोपऱ्यात मावतील. आत पोतं म्हणून औषधाला सापडायचं नाही. सगळे खोके. मिक्सर, कुकर, साबण, लहान पोरांचे लंगोट, माणसं काय काय मागवतात तुम्हाला खोटं वाटेल. खोक्यांभोवती निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या असतात, त्या कापायच्या, माल रॅकवर लावायचा, हातातल्या यंत्राने टुक करायचं, पुढे जायचं. कुणाला पाठीवर काही घ्यावं लागत नाही. मला सुरुवातीला वाटायचं, चला, एक बरं झालं, इथे कुणी माझ्या बापासारखं पडणार नाही. मूर्ख होते मी. माणूस ओझ्याने पडत नाही हो, पायात येणाऱ्या वस्तूने पडतो, आणि पायात यायला काहीही पुरतं.

तुमचं ते गोदाम मला अजून वासासकट आठवतं. सरकीच्या पेंडेचा तेलकट वास, तो तुमच्या सदऱ्याला असायचा, आईच्या उशीला असायचा, माझ्या वह्यांनासुद्धा असायचा आणि वर्गातल्या पोरी नाक मुरडायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आई माझ्या हातात डबा द्यायची, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. गोदामाच्या दारात मी चपला काढायची, कारण तुम्ही सगळे आत अनवाणीच असायचात. त्या शनिवारी ट्रक लागलेला आहे. मागे फळी टाकलेली आहे. तुम्ही पाठीवर पोतं घेऊन फळीवरून उतरताय, कपाळाचा घाम डोळ्यांत जातोय आणि पुसायला हात मोकळा नाही. मी थप्पीच्या कडेला डबा छातीशी धरून उभी आहे. खाली कुठल्याशा फाटक्या पोत्याच्या सुतळीचा फास पडलेला आहे. तुमचा अंगठा त्यात अडकतो. तुम्ही आधी गुडघ्यावर येता, मग डाव्या खांद्यावर, आणि पोतं तुमच्या अंगावरून जाऊन पुढे आपटतं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग कुणीतरी हसलं. आधी कोण हसलं ते सोडा, एक हसला की बाकीचे राहतात होय? सगळी टोळी हसायला लागली, मुकादमसुद्धा. तुम्ही पडल्या पडल्या मान वळवून पहिलं काय विचारलंत ते आठवतंय? “पोतं ते नही ना फुटनं?”

पोतं फुटलं नव्हतं. मुकादम ओरडला, “पडना ना गडी? मंग च्या!” आणि तुम्ही उठून बसलात, पेंड झटकलीत आणि फाटकाजवळच्या चहाच्या गाडीवाल्याला हात करून अकरा बोटं दाखवलीत, म्हणजे आधी दहा आणि मग एक. ते एक माझं होतं. हमाल थप्पीला टेकून बसले, कुणी बिडी काढली, कुणी तुमची नक्कल केली, आणि तुम्ही बशीत चहा ओतून, फुंकर मारून माझ्यापुढे धरलात. गोदामात बसून, बाप्या माणसांच्या रांगेत, बशीने चहा. आईला सांगितलं असतं तर तिने दोघांनाही धरून झोडलं असतं. तुम्ही म्हणालात, “तुनी मायले सांगू नको.” मला वाटलं चहाचं म्हणताय.

तुम्ही खांद्याचं म्हणत होतात. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तुमचा डावा हात सदऱ्याच्या बाहीत जाईना तेव्हा. आईने विचारलं, तुम्ही म्हणालात झोपेत अवघडला. मग मी, दहा वर्षांची शहाणी, पटकन सांगून टाकलं की नाना काल पडले आणि मग चहा झाला. आईने एरंडाची पानं आणली, वीट तापवली, आणि शेक देता देता तोंडाने सारखं चालूच, “पडले तरी नाक वर. सेठला सांगायला काय झालं होतं? जीभ झडली असती का?” आई बाहेर गेल्यावर मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, जवळ घेणार. तुम्ही म्हणालात, “गोदामनी गोष्ट गोदाममा राहू दे.” आवाज चढवला नाहीत, पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. नाना, तुम्ही मला आयुष्यात कधी चापट मारली नाहीत, ती मारली असतीत तर मी केव्हाच विसरले असते. तुमचं ते वाक्य मात्र मी चाळिशी आली तरी गाठीला बांधून हिंडतेय.

आता माझ्या गोडाऊनचं ऐका. आमच्या दारात एक पांढरा फळा आहे. त्यावर लिहिलंय, ‘अपघाताविना दिवस’, आणि पुढे आकडा. रोज सकाळी तो आकडा मी माझ्या हाताने एकाने वाढवते. दोनशे झाले की सगळ्यांना एकेक स्टीलचा डबा मिळणार, तीन खणांचा, कडी लावायचा, झाकणावर कंपनीचं चित्र. तुम्ही म्हणाल डब्याचं काय एवढं. तेच तर. चाळीस माणसं त्या डब्यासाठी वेड्यासारखी झालीत. बायका विचारतात, “मॅडम, किती राहिले?” कुणाला जरा खरचटलं तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात की तो हात पाठीमागे लपवतो. डबे येऊन पडलेत, स्टोअरमध्ये खोक्यात आहेत, नमुन्याचा एक माझ्या टेबलावर आहे. मंगळवारी फळ्यावर एकशे त्र्याण्णव होते.

आमच्याकडे एक भाऊ आहेत, नशिराबादचे. पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे, आधी मार्केटात हमाली केलेले, तुमच्याच जातीचे म्हणा ना, म्हणजे काम करणाऱ्यांच्या जातीचे. कंपनीने सगळ्यांना जाड टाचेचे बूट दिलेत, ते भाऊ टाच दाबून चपलेसारखे घालतात. दहादा ओरडले मी. “ताई, पायाले श्वास लागते,” असं म्हणून हसतात. मंगळवारी अकराच्या सुमाराला ते एक खोका पोटाशी धरून तिसऱ्या गल्लीतून येत होते. खोक्यापुढे खालचं दिसत नाही. कापलेली एक निळी पट्टी जमिनीवर वेटोळं होऊन पडलेली. बूट तिच्यात अडकला, टाच मोकळी असल्यामुळे पाय निघाला, आणि भाऊ आडवे होताना डोकं रॅकच्या लोखंडी खांबाला लागलं. मी सात-आठ पावलांवर होते. सगळे थांबले. कुणी हसलं नाही, हे मी आधी सांगते. सगळ्यांनी एकदम फळ्याकडे बघितलं. देवाशपथ, पडलेल्या माणसाकडे नाही, फळ्याकडे.

भाऊ उठून बसले. डोक्याला हात लावला, रक्त नव्हतं, हात सगळ्यांना दाखवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काही नाई झालं मले, ताई. फळ्याले हात लावू नका. च्या सांगतो मी सगळ्यायले.” आणि नाना, माझं काय झालं मला सांगता येत नाही. मी इन्चार्ज आहे, मला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलंय, पडलेल्याला हलवू नये, डोक्याला लागलं तर लगेच दवाखाना, लगेच फॉर्म, सगळं मला पाठ आहे. पण ‘च्या सांगतो’ म्हटल्याबरोबर माझ्या आत काहीतरी सैल झालं. वाटलं, हां, चहा आला म्हणजे सगळं ठीक आहे. हे मला ओळखीचं आहे. हे माझं आहे. चाळीस माणसांत त्या चहाचा अर्थ कळणारी बहुतेक मी एकटीच होते, आणि मला त्याचा अभिमान वाटला. मी म्हटलं, “भाऊ, माझा बिनसाखरेचा.” सगळे हसले. चहा कागदी कपातून आला, यंत्रं टुकटुक करत होती, उभ्या उभ्या दोन घोटांत पिऊन सगळे पांगले. भाऊही खोका उचलून गेले. ती पट्टी मग मी उचलली. आता हेही सांगूनच टाकते, सकाळी त्या गल्लीतून जाताना ती मला दिसली होती. मी ओलांडून गेले होते. हातात फोन होता.

भाऊ बुधवारीही आले. कपाळ दाबत होते, म्हणाले ऊन लागलं असेल. गुरुवारी पहाटे घरी उलट्या, बोलणं बोबडं, मग जळगावात दवाखाना, डोक्यात रक्त साकळलेलं, ऑपरेशन. मला फोन आला तेव्हा मी फळ्यावर एकशे पंच्याण्णव लिहून नुकतीच खाली ठेवत होते खडू, म्हणजे ते पेन असतं, पण मी खडूच म्हणते. शनिवारी त्यांना शुद्ध आली. मी भेटायला गेले, डोक्याला ही एवढी पट्टी, डोळे सुजलेले, आणि माणूस मला बघून पहिलं काय विचारतो? “डबे वाटले का, ताई?” मला ओरडावंसं वाटलं. त्यांच्यावर नाही. तुमच्यावर. पोतं नाही फुटलं, डबे नाही वाटले, अरे पण तुमचं डोकं, तुमचा खांदा, त्याचं कुणी विचारायचं? तुम्ही लोक स्वतःला मालाच्या खाली का लावता हो?

बाहेर बाकावर त्यांची मुलगी होती. शिरपूरला कॉलेजात शिकते, परीक्षा टाकून आलीय. उठून उभी राहिली, म्हणाली, “मॅडम, बाबा कामावर पडले का हो? आम्हाला ते सांगतात मोरीत घसरलो. पण ते म्हणतात त्या वेळी मोरीत तर आई होती.” मी म्हटलं, “मी बघते.” काय बघते? बघून तर झालं होतं. ती “बरं” म्हणाली आणि खाली बसली, आणि मी स्कूटर काढून घरी आले.

तुम्हाला इथलं गणित सांगते, फार नाही. कामावर पडले असं मी लिहिलं तर दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल, भाऊ घरी असतील तोवर पगार सुरू राहील. घरी पडले असं लिहिलं तर ज्याचं त्याने बघायचं. वरच्या ऑफिसातले साहेब काल फोनवर होते. वाईट माणूस नाही, मला ताई म्हणतात. म्हणाले, “ताई, ते स्वतःच जर मोरीत म्हणताहेत तर आपण कशाला ओढून घ्यायचं? आणि कामावर म्हणाल तर पुढचा प्रश्न येईल की मंगळवारी का नाही कळवलंत. मग तुमचं काय?” वर म्हणाले, “आणि बूट नीट घातले नव्हते ना त्यांनी?” बघा. म्हणजे मी खोटं लिहिलं तर माझी खुर्ची राहते, चाळीस घरांत डबे जातात, भाऊंचाही शब्द राहतो, आणि मोडते ती फक्त ती बाकावरची पोरगी. खरं लिहिलं तर फळा शून्यावर येतो, डबे परत जातात, चाळीस माणसं मला शिव्या घालतात, मी बहुधा घरी बसते, आणि भाऊ बरे होऊन आले की म्हणणार, ताई, तुमच्यापायी मी सगळ्यायच्या नजरेतून उतरलो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काय असतं, ते मला आत्ता कळतंय.

म्हणून तुम्हाला विचारतेय. कारण तुमचंही मला कधी कळलं नाही. तुम्ही कशाने गेलात, नाना? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपारी निरोप आला, सरकारी दवाखान्यात ये. मी पोहोचले तेव्हा तुम्ही होतात, पण माझ्याकडे बघत नव्हतात, छताकडे बघत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात. सगळे म्हणाले हार्ट. मुकादम घरी आला, आईच्या समोर मांडी घालून बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, “वहिनी, काय नही व्हयनं होतं त्याले. आम्ही बठ्ठा त्याना हातना च्या पिनूत.” त्याला वाटत होतं तो आईला धीर देतोय. आई मान हलवत राहिली, तिच्या ध्यानात काही आलं नाही. माझ्या ध्यानात आलं. चहा तुम्ही पाजलात, म्हणजे त्या दिवशी तुम्ही पडला होतात. कसे पडलात, किती उंचीवरून, डोक्याला लागलं का, किती वेळ थप्पीला टेकून बसला होतात, उलटी झाली का, हे सगळं त्या माणसाला माहीत होतं. तो माझ्यासमोर बसला होता. एक प्रश्न विचारायचा होता. पण गोदामातली गोष्ट गोदामात. मी उठले आणि त्याच्यासाठी चहा ठेवला.

आता मुकादमही नाही, आईही नाही, आणि ते गोदाम पाडून तिथे लग्नाचा हॉल झालाय. मागे एकदा कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, जेवताना सारखी खाली बघत होते. आता विचारायला कुणी उरलं नाही. तुम्ही हार्टनेच गेला असाल. असतं तसंही. पण मी रोज सकाळी आकडा वाढवते तेव्हा मला वाटतं, तुमच्या गोदामात फळा असता तर तुम्ही गेलात त्या दिवशीही आकडा एकाने वाढला असता.

तर चहा. सकाळपासून मी त्याचाच विचार करतेय आणि माझं मत दर दहा मिनिटांनी बदलतंय. आधी वाटलं, तो चहा म्हणजे तोंड बंद करायची युक्ती. पडलेला पाजणार, बाकीचे पिणार, आणि प्यायलेला माणूस पुढे बोलणार कोणत्या तोंडाने? ज्याने ही रीत काढली त्याला उलटं टांगायला हवं. मग कुकर लावताना आठवलं की त्या शनिवारी चहा संपेपर्यंत कुणीही पोत्याला हात लावला नाही. ट्रकवाला कटकट करत होता, सेठ आतून एकदा डोकावून गेला, पण कुणी उठलं नाही. दहा जणांनी तो अर्धा कप चहा अर्धा तास पुरवला. मुकादम तर रिकामा कप तोंडाला लावत होता, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्याला वेडा समजले होते. तुम्ही तेवढा वेळ टेकून बसलात. ‘बस जरा, लागलंय तुला’ असं कुणी म्हटलं असतं तर तुम्ही बसला असतात का? मुळीच नाही. पडलो तरी नाक वर. म्हणून ते चहा मागत होते. मग ती दया होती का, नाना? टोळीची लबाड, प्रेमाची दया? आणि तसं असेल तर मी मंगळवारी काय केलं? चहा घेतला आणि बसणं घेतलं नाही. रीत उचलली आणि तिच्यातला जीव तिथेच ठेवला. पण मग तुमच्या शेवटच्या दिवशीही ते सगळे असेच तुम्हाला बसवून, रिकामे कप तोंडाला लावून, वाट बघत राहिले असतील, आणि दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला ना तुमच्या लोकांवर धड चिडता येत, ना धड रडता येत.

भात खाल्ला मी मघाशी, उभ्याने, कुकरमधूनच. मग तिसरा रकाना भरला. ‘कामावर, तिसऱ्या गल्लीत, मंगळवारी अकराच्या सुमारास.’ अक्षर वाकडं आलं, पण आलं. चौथा रकाना कारणाचा. तिथे छापील खुणा आहेत, पहिलीच ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, ती करायला अगदी सोपी, चौकोनही मोठा. ती सोडून खालच्या रेघेवर लिहिलं, ‘जमिनीवर कापलेली पट्टी पडलेली होती.’ बुटाचंही लिहिलं, टाच दाबलेली होती. ते खरं आहे, लपवणार नाही. पाचवा, ‘धोका आधी कुणाच्या लक्षात आला होता का?’ असलं कुणी खरंच लिहीत असेल का हो? मी लिहिलं, होय, माझ्या. सहावा, ‘इन्चार्जला घटना कधी कळली?’ त्याच वेळी. मी समोर होते. एवढं लिहून सही केली. शूर वगैरे काही वाटलं नाही. उद्या फळ्यावर शून्य लिहिताना चाळीस माणसं पाठीमागे उभी असतील, त्याची भीती वाटतेय आणि ती उतरत नाहीये. त्या पोरीला मात्र फोन केला. म्हटलं, “तुझे बाबा कामावर पडले. माझ्यासमोर पडले. काय काय झालं ते सगळं तुला सांगते, विचार काय विचारायचं ते.” मग तिने विचारलं, “खूप जोरात पडले का हो?” मी म्हटलं, “हो.” मला हे असं कुणी सांगितलं असतं तर काय झालं असतं माहीत नाही. बरं वाटलं असतं असंही नाही. पण कळलं असतं.

फॉर्म उद्या जाईल. हे मात्र कुठे पाठवू? त्या लग्नाच्या हॉलच्या पत्त्यावर? कपाटात लेकीच्या जुन्या वह्यांखाली ठेवून देईन, कधी सापडलं तर वाचेल, नाही तर रद्दीत जाईल. तुम्ही बरोबर होतात की चूक, हे मला हे लिहूनही कळलेलं नाही.

एक राहिलं. वर मी लिहिलंय की आधी कोण हसलं ते सोडा. फॉर्मवर एवढं सगळं खरं लिहून झालं, आणि हे इथे लिहायलाच मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्या शनिवारी तुम्ही पडलात तेव्हा सगळे गप्प होते. मुकादम तुमच्याकडे धावत निघाला होता. तुमचा चेहरा पांढरा पडला होता, तोंड उघडं होतं, तुम्ही काहीतरी बोलणार होतात. तेव्हा आधी मी हसले, नाना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तोंड मिटलंत, आणि मग पोतं फुटलं का ते विचारलंत.